हिवाळी शिबिराची वळकटी

डिसेंबर उजाडला की सातारा-सांगलीच्या कॉलेजांत सूचनाफलकावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा कागद लागतो. सात दिवसांचा मुक्काम, एखादं दत्तक गाव, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान. सोबत काय आणायचं त्याची यादी असते: ताट, वाटी, तांब्या, टॉर्च, आणि शेवटी 'अंथरूण-पांघरूण'. ही योजना १९६९ साली सुरू झाली, म्हणजे या यादीच्या भरवशावर आता तिसरी पिढी शिबिराला निघालेली आहे. तरी अंथरूण-पांघरूण म्हणजे नेमकं काय, हे त्या कागदावर कोणी लिहीत नाही. पोरं घरातलं सगळ्यात जाड, मऊमऊ मिंक ब्लँकेट उचलतात, खाली टाकायला एक जुनी चादर घेतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोलीत किंवा देवळाच्या सभामंडपात पहिल्या पहाटे चार वाजता ब्लँकेट पांघरून उठून बसतात. एवढं जाड पांघरूण असून थंडी वाजते कशी, हे त्यांना कळत नाही.

थंडी खालून वाजत असते. शाळेच्या खोलीत शहाबादी फरशी असते, नाहीतर सिमेंटचा कोबा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. स्थिर हवेतून जेवढी उष्णता जाते, त्याच्या ऐंशी-शंभर पट ती या दगडातून जाते. पांघरुणाची ऊब म्हणजे त्याच्या धाग्यांत अडकून पडलेली हवा. कापूस, लोकर किंवा पॉलिस्टर यांचं काम ती हवा हलू न देण्यापुरतं. अंगावर पसरलेलं ब्लँकेट फुललेलं राहतं, म्हणून ऊब धरतं. तेच अंगाखाली घेतलं की खांदा, कंबर आणि टाचेखाली आपल्याच वजनानं चेपतं, हवा निघून जाते आणि मऊ ब्लँकेटचा पापड होतो. अंगाचा पाचवा-चौथा भाग रात्रभर दगडाला टेकलेला असतो आणि तिथून उष्णता झिरपत राहते. वर कितीही घाला, हे भोक बुजत नाही.

म्हणून वळकटी बांधताना आधी अंथरुणाचा विचार करावा, पांघरुणाचा मागाहून. आपण बरोब्बर उलट करतो.

पांघरूण किती लागेल याचा हिशेब थोडी आकडेमोड करून मांडता येतो. ब्रिटनमध्ये १९४०च्या दशकात कापडाची ऊब मोजण्यासाठी टॉग नावाचं एकक ठरलं. तिथल्या दुकानांत आजही रजईवर टॉगचा आकडा छापलेला असतो. झोपलेल्या माणसाच्या अंगातून दर चौरस मीटरमागे साधारण ४० वॅट उष्णता बाहेर पडते. कातडीचं तापमान ३३ अंश आणि खोलीचं १० अंश धरलं तर फरक २३ अंशांचा. तो ४० वॅटवर तोलून धरायला पावणेसहा टॉग लागतात. त्यातला एक टॉग अंगालगतची आणि पांघरुणावरची हवाच देते. पायजमा, बनियन आणि स्वेटर दीडेक टॉग देतात. उरले सव्वातीन. न चेपलेल्या कापडाची एक सेंटीमीटर जाडी, मग ते कुठलंही असो, दोन-सव्वादोन टॉग देते. म्हणजे दहा अंशांच्या खोलीत अंगावर दीड सेंटीमीटर जाडीचं पांघरूण पुरेसं आहे. पंधरा अंशांना एक सेंटीमीटरही चालतं. हा कागदावरचा हिशेब. कडेनं वारा शिरतो, कूस बदलताना पांघरूण उचकटतं, म्हणून हाताशी थोडं जास्त ठेवावं. पहाटे शरीराचं स्वतःचं तापमानही दिवसातलं सगळ्यात खाली असतं आणि खोलीचंही, त्यामुळे रात्री अकराला पुरलेलं पांघरूण चारला अपुरं पडतं.

पण खोलीत दहा अंश असतील की पंधरा, हे गावावर ठरतं. या दोन जिल्ह्यांत त्याचं गणित वाटतं तितकं सरळ नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर, सातारा शहर त्याच्या जवळपास सहाशे मीटर खाली. उंचीच्या नियमानं महाबळेश्वर चारेक अंश थंड असायला हवं. दुपारी ते असतंही. पहाटे मात्र कितीदा तरी साताऱ्याचं किमान तापमान महाबळेश्वरपेक्षा खाली गेलेलं असतं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. वाई, सातारा, कऱ्हाड ही खोऱ्यातली गावं. दरवर्षी वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळा भागात दव गोठल्याची छायाचित्रं पेपरात येतात. त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा दहा-बारा अंश असतो आणि लोक वेधशाळेला हसतात. वेधशाळेचं काही चुकत नाही. तिचा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर, लाकडी झडपांच्या पेटीत असतो, आणि दव गोठतं ते गवताच्या पात्यावर, खोलगट जागेत. चार फुटांत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो, उरलेला खोलगट जागेत साचलेली गार हवा पाडते. जमिनीवर झोपणाऱ्यानं यातून काय घ्यायचं ते उघड आहे.

माणदेशात आणि जतच्या बाजूला हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दुपारी तीस अंशांत घाम गाळून बांध घातलेला असतो आणि मध्यरात्री हुडहुडी भरते. तिथे दोन-तीन सुटी पांघरुणं उपयोगी पडतात. एकेक ओढत जाता येतं. कृष्णाकाठी, पलूस-वाळवा-मिरजेकडच्या ऊसपट्ट्यात, तापमान इतकं उतरत नाही, पण पाजलेल्या रानांमुळे हवेत ओल असते. धुकं दाट पडतं आणि उघड्या सभामंडपात सकाळी पांघरुणाची वरची बाजू हाताला ओलसर लागते. थंडी कमी असूनही इथे झोप मोडते, कारण ओल्या सुती कापडातली हवेची जागा पाण्यानं घेतलेली असते, आणि पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट उष्णता वाहून नेतं.

अशा ठिकाणी घोंगडीला तोड नाही. हे जुन्याच्या कौतुकापोटी म्हणत नाही. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल धाग्याच्या पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. ओल शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. शिवाय तिचा धागा मुळातच कुरळा, स्प्रिंगसारखा. चेपला तरी पुन्हा फुलतो. म्हणून अंगाखाली घ्यायला ती कापसापेक्षा आणि पॉलिस्टरपेक्षा सरस. पावसाळा सरला की माणदेशातले मेंढपाळ कळप घेऊन कृष्णा-कोयनेकाठी उतरतात, खतासाठी लोकांच्या रानात मेंढ्या बसवतात आणि तिथेच उघड्यावर झोपतात. खांद्यावरची घोंगडी त्यांचं अंथरूण, पांघरूण आणि पावसातली खोळ, तिन्ही असते.

साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड घोंगड्यांसाठी ओळखलं जातं. दख्खनी मेंढीची काळी-करडी लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्डामागावर विणायचं. विणकर बहुतेक सनगर समाजाचे. या खळीमुळे नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते आणि तिला एक उग्र वास असतो. वापरून वापरून ती नरम पडते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी मऊ आणि अर्थात महाग. सांगलीच्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी सध्या फार नावाजलेली आहे, तिच्या बाकदार नाकाच्या मेंढ्याला मोठी किंमत येते, पण ती मटणासाठी पाळतात, अंगावर लोकर बेताचीच. मेंढपाळाला लोकरीतून कातरणीचा खर्चही सुटत नसेल तर तो अशीच मेंढी पाळणार, त्याला कोण काय बोलणार?

त्यामुळे बाजारात 'घोंगडी' म्हणून जे मिळतं त्यात अॅक्रिलिकची भेसळ बरीच. ओळखायची खूण सोपी आहे. कडेच्या दशीतून एक धागा उपसा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो, काडी दूर केली की ज्योत आपसूक विझते, मागे उरलेली काळी राख बोटांत चुरगळली की भुगा होतो. अॅक्रिलिक असेल तर धागा वितळून ठिबकतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो, तो नखानंही फुटत नाही. प्रामाणिक विणकर हे करायला हरकत घेत नाही, उलट स्वतःच काडी पुढे करतो. घोंगडीवर साप-विंचू येत नाहीत असं गावोगाव सांगतात. त्यावर विसंबू नये, रात्री अंथरूण झटकून मगच पडावं.

घोंगडी टोचते, ही तक्रार खरी. उपाय म्हणजे ती अंगाला लागू द्यायची नाही. तिच्यावर वाकळ पसरायची.

आपल्याकडे वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी. आजीच्या नऊवारी लुगड्यांचे चार-सहा थर एकावर एक पसरून, कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्यानं आत आत शिवत नेलेली. टाके जवळजवळ असतील तर वाकळ दडदडीत आणि टिकाऊ होते, पण थर एकमेकांना घट्ट बसल्यामुळे मधली हवा कमी होते. विरळ टाक्यांची वाकळ जास्त उबदार, मात्र लवकर फाटते. चांगली शिवणारी बाई टाक्याचं अंतर याच हिशेबानं ठेवते, तिला टॉग सांगावे लागत नाहीत. वाकळेचा कमकुवतपणा आता वेगळ्याच ठिकाणी आहे. पूर्वी आत सुती लुगडी असत. आता घरात जुन्या साड्या निघतात त्या सिंथेटिक. त्या घाम शोषत नाहीत, गुळगुळीत असल्यानं वाकळ रात्री अंगावरून घसरते आणि शेकोटीची ठिणगी पडली तर भोक पडून कडा अंगाला चिकटते. घरात दोन वाकळा असतील तर जुनी, रंग उडालेली, सुतीच न्यावी. दिसायला बरी म्हणून नवी नेऊ नये.

दोन-तीन किलोंची वाकळ आणि तेवढीच घोंगडी म्हणजे एसटीच्या गर्दीत ओझं होतंच. ज्याला ते नको त्यानं अंथरुणासाठी कॅरीमॅट घ्यावी. गडावर जाणारी मंडळी पाठपिशवीला लावून नेतात, तीच फोमची गुंडाळी. तिच्यातले हवेचे बुडबुडे बंद असतात, म्हणून वजनानं हवा निघून जात नाही आणि खालची ओल वर येत नाही. एक सेंटीमीटर जाडीची कॅरीमॅट अडीच टॉगच्या आसपास देते आणि वजन अर्ध्या किलोच्या आत-बाहेर. योगासनांची चटई बरीच पातळ असते, पण नसण्यापेक्षा बरी. काहीच नसेल तर किराणा दुकानातून पुठ्ठ्याची खोकी मागून आणावीत, उलगडून दोन-तीन थर घालावेत. पन्हाळी पुठ्ठ्याच्या पोटातही हवाच असते. बीडकडून येणारे ऊसतोड कामगार इथल्या कारखान्यांभोवती कोप्या घालून सगळा हिवाळा काढतात. त्यांच्या अंथरुणाखाली उसाचं पाचट असतं. पाटण-जावळीत भाताचा पेंढा मिळतो. चार बोटं पेंढा आणि वर घोंगडी, हे अंथरूण महागड्या गादीला मागे टाकतं. शिबिराच्या गावात मागितला तर कोणी नाही म्हणत नाही, फक्त शेवटच्या दिवशी खोली झाडून तो परत द्यावा, दावणीच्या जनावरांचा घास असतो तो.

मिंक ब्लँकेटला मी उगाच नावं ठेवत नाही. अंगावर घ्यायला ते उत्तमच, पॉलिस्टरचे दाट केस हवा छान धरतात आणि लवकर वाळतात. दोष एवढाच की ते अवजड असतं आणि बोचक्यात मावत नाही. वजनाच्या मानानं फ्लीसचं पातळ ब्लँकेट आणि सोलापुरी चादर ही जोडी जास्त कामाची. दोन थरांमध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो आणि पहाटे गरज लागेल तसं वापरता येतं. रस्त्याकडेला करड्या रंगाची स्वस्त ब्लँकेटं विकायला असतात. ती बहुधा पानिपतची, जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पुन्हा पिंजून केलेली. पानिपतातून काहीतरी उबदार परत येतं म्हणायचं! धागा आखूड असल्यानं ती लवकर विरतात, पण सात दिवसांच्या शिबिरात जमिनीवर टाकायला बरी.

स्लीपिंग बॅग घ्यायची झाली तर पिशवीवरचे आकडे नीट वाचावेत. युरोपीय मानकाप्रमाणे चाचणी झालेल्या बॅगेवर तीन तापमानं दिलेली असतात. पहिलं आरामाचं, दुसरं मर्यादेचं, तिसरं जेमतेम जीव तगून राहण्याचं. दुकानदार तिसरा किंवा दुसरा आकडा मोठ्यानं सांगतो. आपण पहिला पाहावा. आरामाचा आकडा सरासरी स्त्रीच्या मापानं ठरवलेला असतो आणि मर्यादेचा सरासरी पुरुषाच्या. मानकाचा उल्लेखच नसेल तर त्या आकड्यांना काही अर्थ नाही. आणि स्लीपिंग बॅगही अंगाखाली चेपतेच, तेव्हा कॅरीमॅट सुटत नाही.

शिबिर आठवड्याचं असतं. वसतिगृहात मुलगा वर्षभर राहतो आणि या बाबतीत साताऱ्याचा इतिहास मोठा आहे. भाऊराव पाटलांचं घराणं सांगलीच्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. कोणी कोणाच्या शेजारी अंथरूण टाकायचं हासुद्धा ज्या काळात जातीचा प्रश्न होता, त्या काळात तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली झोपत आणि एका पंगतीला जेवत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. त्याच जिल्ह्यात वर पाचगणीला इंग्रजी धाटणीच्या निवासी शाळा होत्या. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजलेला गायक पारशी घरातला एक लहान मुलगा असताना, १९५०च्या दशकात, झांझिबारहून तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकायला आला होता. विषुववृत्ताजवळच्या बेटावरून थेट पाचगणीच्या डिसेंबरात! अशा मुलाला शाळेच्या यादीबाहेरचं एक जादा ब्लँकेट द्यायला हवं, एवढं तरी आज आपण त्याच्या आईला सांगितलं असतं.

आजच्या बहुतेक वसतिगृहांत लोखंडी कॉट आणि तिच्यावर गादी असते, पण ती गादी पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नये. मधोमध तळहातानं दाबा. खालची फळी किंवा पट्टी हाताला लागली तर कापूस बसला आहे, त्यातली हवा संपली आहे. पूर्वी पिंजारी दारावर येऊन कापूस पिंजून गादी पुन्हा भरून देत, आता ते क्वचितच दिसतात. शिवाय कॉटखालून गार हवा खेळती असते, म्हणजे फरशी टळली तरी खालची थंडी टळत नाही. गादीवर घोंगडी किंवा जाड सतरंजी, तिच्यावर चादर. पांघरायला वाकळ किंवा ब्लँकेट. डोक्याला कानटोपी हवीच. डोकं म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा, त्यातून अर्धी उष्णता जाते हे खरं नाही, पण बाकी सगळं झाकलेलं असताना उघडा राहिलेला तोच एक भाग असतो. श्रमदानाचे घामेजलेले कपडे मात्र झोपण्यापूर्वी बदलावेत, मोज्यांसकट.

खोलीत शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून झोपायचं नाही, कितीही गारठा असो. कोळशाच्या धुगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेल्याला जाग येत नाही. शेकोटी अंगणात, आणि झोपायला आत. त्यापेक्षा स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून पायाशी ठेवावी. दोन-तीन तास पुरते, तेवढ्यात झोप लागून गेलेली असते.

वळकटी बांधताना घोंगडी सगळ्यात बाहेर ठेवावी, म्हणजे एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत धूळ-दव तिच्यावर निभावतं. आत वाकळ लांबीत तिघडी घडी घालून, तिच्या पोटात चादर, उशीचा अभ्रा आणि कानटोपी. उशी नेऊच नये, अभ्र्यात स्वेटर कोंबला की झाली उशी. सुतळीऐवजी रुंद पट्टा किंवा जुन्या लुगड्याचा काठ बांधायला घ्यावा, खांद्याला काचत नाही.

परत आल्यावर मात्र ही वळकटी थेट पलंगावर आणून टाकू नका. वसतिगृहातून आणि धर्मशाळेतून घरी येणारा पाहुणा म्हणजे ढेकूण, आणि तो वाकळेच्या शिवणीत बसून येतो. अंगणातच सोडा, शिवणी आणि काठ नजरेखालून घाला, काळे बारीक ठिपके दिसतात का पाहा. नुसत्या उन्हात टाकून ढेकूण मरत नाही, तो सावलीच्या बाजूला सरकतो. त्याला पन्नास अंशांच्या वर उष्णता लागते, म्हणून वाकळ आणि चादर कढत पाण्यात भिजवून धुवावी. घोंगडीला गरम पाणी चालत नाही, आटून फेल्टसारखी होते. ती झटकून, उलटसुलट दोन-तीन कडक उन्हं दाखवून, कडुलिंबाचा पाला घडीत घालून कोरड्या जागी ठेवावी, नाहीतर पुढच्या डिसेंबरात तिला कसर लागलेली निघेल.